ढोराच्या डॉक्टरला विचारलेले प्रश्न

गाय खोड्यात उभी. माझा डावा हात खांद्यापर्यंतच्या प्लास्टिकच्या मोज्यात आणि मोजा गायीच्या आत. उजव्या हातात रेतनाची गन. भोवती पाच-सात माणसं. त्यात एखादा आजोबा, एखादं शाळा बुडवून आलेलं पोट्टं, आणि बाजूला डोक्यावर पदर घेतलेली घरधनीण. सगळे बोलत असतात. माज रात्री आला की सकाळी, सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, काचेसारखा होता की गढूळ, मागच्या खेपेला फळली नाही तर आता दोनदा भरवावी काय. कोणी लाजत नाही, कोणी घसा खाकरत नाही, पोराला कोणी "जा रे तिकडं" म्हणत नाही.

यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या खेड्यांत मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. हे झालं सरकारी नाव. गावात मी ढोराचा डॉक्टर. काम आटोपलं, हात धुतले, पावती फाडली की माणसं पांगायची. एकजण मात्र मागे रेंगाळायचा. पऱ्हाटी कशी आहे, पाणी पडेल काय, असं काहीबाही बोलायचा. मी गाडीला किक मारायला पाय उचलला की म्हणायचा, "सायेब, एक इचारू काय? तुमाले राग तं नाई येनार?"

पुढे येणारा प्रश्न गायीचा नसायचा.

मलाच का विचारायचे, याचा मी पुष्कळ विचार केला. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरच्या टेबलासमोर रांग, आणि केसपेपर लिहिणारी बाई गावातलीच. मेडिकलवाला मामेभावाचा मित्र. घरात बापाशी बोलायची सोय नाही. ज्या माणसानं भर चौकात गायीची पिशवी चाचपली, त्याला कसली आली लाज, असा त्यांचा हिशेब असावा. हिशेब चूक नव्हता, पण माझं शिक्षण जनावरांचं. हे मी दर वेळी सांगायचो, आणि दर वेळी समोरचा म्हणायचा, "तरीबी सांगा."

"खेड्यातल्या माणसाला हा विषय झेपत नाही, आपली संस्कृती वेगळी" असं मुंबई-पुण्याच्या चर्चांत कोणी म्हटलं की मला तो खोडा आठवतो. विषय झेपतो. त्याचे शब्द आहेत, निरीक्षण आहे, त्यावर तासभर वाद घालायची तयारीही आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हापासून कामगंध सापळे हा शब्द बांधाबांधावर गेला. मादी पतंगाच्या वासानं नर कसा येतो आणि सापळ्यात कसा अडकतो, हे कृषी सहायकानं ग्रामपंचायतीसमोर सांगितलं आणि बायामाणसांनी ऐकून घेतलं. त्यातला 'काम' कोणाला खुपला नाही. सगळं अडतं ते माणसाच्या अंगाशी येऊन.

तिथं लोकांकडे एक तयार वाक्य असतं: "सायेब, ढोराचं अलग, माणसाचं अलग."

या एका वाक्याभोवतीच माझी सगळी तक्रार आहे. जिथं दोघांचं सारखं आहे तिथं लोक अलग म्हणतात, आणि जिथं खरोखर अलग आहे तिथं बिनदिक्कत सारखं धरतात.

आधी सारखं असलेलं घेऊ. 'सेक्स सीमेन' हा शब्द आता दूधवाल्यांच्या तोंडी आहे. कागदावर लिंगनिश्चित रेतमात्रा. रेत भरलेल्या या काडीनं दहापैकी जवळपास नऊ वेळा कालवड होते. हॉटेलसमोर गाडी थांबवली की कोणीतरी रस्त्यापलीकडून ओरडून विचारायचं, "सायेब, सेक्स सीमेन हाय काय? कालवडच पायजे!" म्हणजे त्याला नेमकं ठाऊक आहे की नर का मादी हे वळूच्या रेतावर ठरतं. गोऱ्हा झाला तर तो काडीला शिव्या देतो, मला देतो, गायीला देत नाही. आणि त्याच माणसाच्या घरी सुनेला तिसरी मुलगी झाली की घरभर सुतक. एकाला मी बोललो. म्हटलं, तुझ्याच तोंडानं तू मला काल एक्स आणि वाय गुणसूत्रं सांगत होतास. तर त्यानं हेच वाक्य टाकलं, ढोराचं अलग. अलग काही नाही. बाईच्या बीजात एक्सच असतो, पुरुषाच्या बीजात एक्स किंवा वाय. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईनं पिठातल्या किड्यावर अभ्यास करून वायचं काम दाखवून दिलं, तेव्हापासून ही गोष्ट मिटलेली आहे. दुसऱ्या एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं की माणसासाठी अशी काडी भेटते काय. कायद्यानं गुन्हा आहे, एवढंच सांगून मी गाडी काढली. विज्ञान त्याच्यापर्यंत पोचलं होतं, फक्त नको त्या कामाला.

धातूचंही, म्हणजे वीर्याचंही, तेच. "झोपेत जाते सायेब, अंग गळून गेलं" असं सांगणारे विशी-बाविशीतले पोट्टे मी मोजलेले नाहीत, पण सगळ्यात जास्त प्रश्न हाच. त्याच्या मागे घरातून ऐकलेलं: चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब. आणि एस.टी. स्टँडच्या मुतारीपासून रेल्वे फाटकापर्यंत रंगवलेल्या भिंती: गुप्तरोग, धातुक्षीणता, खात्रीशीर इलाज. या भीतीला आपल्याच देशातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. माणूस खरोखर खंगतो, पण तो धातू गेल्यानं नव्हे, धास्तीनं खंगतो. मी त्या पोरांना रेतन केंद्रातल्या वळूचं उदाहरण द्यायचो. त्याचं रेत आठवड्यातून दोनदा काढतात, वर्षानुवर्षं काढतात, आणि वळू बघितला तर हत्ती. वीर्य अंगात रोज तयार होत असतं, एका वेळी जातं ते चमचाभरही नसतं, झोपेत गेलं किंवा हातानं गेलं तरी त्यानं ना हाड झिजतं ना डोळे खोल जातात. पोरं हसायची. वळूचं पटायचं. एकानं मात्र औषधासाठी बापाला न सांगता तुरीचं एक पोतं विकलेलं होतं, तो हसला नाही.

नसबंदीच्या बाबतीत माझाच धंदा आड आला. गोऱ्हे खच्ची करायचा चिमटा गावानं माझ्या हातात पाहिलेला. तेव्हा पुरुष नसबंदी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर खच्ची केलेला बैल. मी किती वेळा मातीत रेघा ओढून सांगितलं असेल. चिमटा वृषणाकडे जाणारी रक्ताची वाटच चेपतो, मग वृषण सुकतात, त्यांचा रस रक्तात जायचा बंद होतो आणि बैल थंडावतो. नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी बारीक नळी कापतात. वृषण शाबूत, त्यांचा रस रक्तात जातोच, इच्छा तीच, ताठरता तीच, वीर्यही दिसायला तेवढंच. फक्त पुढचे तीन महिने सांभाळायचं, कारण वाटेत आधीचे शुक्राणू असतात. आणीबाणीतल्या सक्तीची आठवण अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे, त्यामुळे घाबरण्याचं सगळं खापर मी अडाणीपणावर फोडत नाही. पण परिणाम बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली, आणि पुरुष नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी ०.३ टक्के. पुरुषाचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, बाईचं पोट उघडायचं. तरी जायचं तिनंच, आणि चौथ्या दिवशी वेचणीलाही तिनंच.

आता जिथं खरोखर अलग आहे ते. लहानपणापासून पोरांनी कुत्रे अडकलेले पाहिलेले असतात, दगडही मारलेले असतात. त्यामुळे लग्न ठरलेला एखादा गडी घामाघूम होऊन विचारतो, "माणसाचं तसं अडकते काय?" नाही अडकत. कुत्र्याच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ असते, ती आत गेल्यावर फुगते. माणसाला ती नसते. कुत्र्याच्या लिंगात हाड असतं, माणसाच्या नसतं. माणसाची ताठरता म्हणजे रक्त भरणं, म्हणून भीतीनं, दारूनं, थकव्यानं ती जाते आणि त्याचा मर्दपणाशी संबंध नाही. एक वृषण दुसऱ्याहून खाली असणं, थोडा बाक असणं, हे सगळं नेहमीचं. लांबीचा प्रश्न तर विचारायचा राहिला असा माणूस नाही. २०१५ साली जगभरच्या पंधरा हजारांवर पुरुषांची मापं एकत्र करून सरासरी काढली, ती ताठर अवस्थेत तेरा सेंटिमीटरच्या आसपास आली. मोबाइलवर जे दिसतं ते निवडून आणलेलं असतं, जसं कृषी प्रदर्शनात दहा किलोचं कोहळं ठेवतात.

गायीवरून बाई ओळखायला गेलेल्यांची चूक अधिक महाग पडते. गायीला शेपटीखाली बाहेरून दोनच द्वारं दिसतात, कारण तिचा मूत्रमार्ग आत उघडतो. म्हणून बरेच पुरुष, आणि मला नंतर कळलं की बऱ्याच बायकाही, असंच समजतात की बाईची लघवी आणि पाळी एकाच वाटेनं येते. बाईला तीन द्वारं असतात: पुढे मूत्रद्वार, मध्ये योनिमार्ग, मागे गुदद्वार. मुलं जन्मतात ती मधल्या वाटेनं.

दुसरी चूक दिवसांची. गाय माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी थोडं रक्त टाकते. शेतकरी हे पाहतो आणि बाईच्या पाळीला तोच नियम लावतो: रक्त आलं म्हणजे गर्भ राहण्याचे दिवस जवळचे. एकानं मला मोठ्या शहाणपणानं सांगितलं की आम्ही पाळीच्या अलीकडचे-पलीकडचे आठ दिवस टाळतो, मधला महिना मोकळा. बायको तिसऱ्यांदा दिवसांत होती. त्याला हसू नये. एकोणिसाव्या शतकात युरोपातले मोठमोठे डॉक्टरही पाळीला जनावराचा माज समजत होते. जपानच्या क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरानं १९२४च्या सुमारास मांडलं की बाईचं बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी. बीज दिवसभर टिकतं, पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे ज्याला तो मोकळा महिना म्हणत होता त्यातच धोक्याचे दिवस. शिवाय चक्र पुढेमागे होतं, उपास, आजार, वेचणीची दगदग, कशानंही. कॅलेंडरवर विसंबण्यापेक्षा आशाताईच्या पिशवीत निरोध असतो, 'छाया' नावाच्या गर्भनिरोधक गोळ्या असतात. पण आशाताई त्याची चुलत वहिनी. मागणार कसा?

तिसरा फरक सगळ्यात मोठा आणि त्यावर मला कोणीच काही विचारत नसे. माजावरची गाय हंबरते, दुसरीवर चढते, दुसरीला चढू देते. ते अठरा-वीस तास गेले की वळूला जवळ येऊ देत नाही आणि वळूही समजून बाजूला होतो. बाईला असा ऋतू नाही. याचा अर्थ पुरुषांनी असा काढला की तिचा होकार बारमाही आहे. ती हंबरत नाही तर तिला विचारावं लागेल, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. लग्नानंतर आठच दिवसांनी एक पोरगा आला. "तिले लय दुखते सायेब, रडते. काय देऊ?" गोळी मागत होता. मी म्हटलं, आधी थांब. तिच्याशी बोलतोस काय? तर त्यांचं दोघांचं बोलणंच झालेलं नव्हतं. भीतीनं योनीचे स्नायू आवळतात, मन तयार नसलं तर ओलावा येत नाही, आणि कोरड्यात दुखणारच. तिला वेळ दे, ती नको म्हणाली तर नको, महिना गेला तरी चालेल, आणि तरीही दुखत राहिलं तर दोघं मिळून डॉक्टरकडे जा. त्याला हे औषध फुकटचं वाटलं असावं. पण तो ऐकून गेला.

इथं स्वतःचंही सांगून टाकतो. कृत्रिम रेतन झाल्यावर गायीच्या शिश्निकेला, म्हणजे क्लिटॉरिसला, काही सेकंद चोळावं, गर्भ राहायला मदत होते, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. मादीला असा अवयव असतो आणि त्याचं काम सुखाशी बांधलेलं आहे, हे मला त्या दिवशी गायीबद्दल कळलं. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बाईच्या या अवयवाचा बहुतेक भाग आत दडलेला आहे हे हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक बाईनं नीट मांडलं तेव्हा १९९८ उजाडलं होतं. डॉक्टरांच्या पुस्तकांनाही लाज वाटत होती म्हणायची.

माझी बायको उपकेंद्रावर नर्स होती. तिच्याकडे बायका, माझ्याकडे पुरुष. रात्री जेवताना आम्ही दिवसभराचे प्रश्न नावं न घेता एकमेकांना सांगायचो, आणि कधीकधी ध्यानात यायचं की आजचे दोन प्रश्न एकाच घरातले आहेत. नवरा मला खोड्याजवळ विचारून गेला, बायको तिला लसीकरणाच्या दिवशी विचारून गेली. एकाच खाटेवर झोपणारी दोन माणसं, आणि त्यांचं बोलणं होत होतं ते आमच्या ताटावर.

तिचा अनुभव असा की निम्मी अडचण शब्दांची. बाई येते आणि म्हणते, "जागेत आग होते." कोणती जागा? लघवीच्या वाटेला आग म्हणजे एक आजार, योनीत आग आणि पांढरं पाणी म्हणजे दुसरा, औषधं वेगळी. पण बाईला त्या दोन ठिकाणांची दोन नावंच दिलेली नाहीत. आपल्याकडे या अवयवांना एक तर शिवी आहे, जी गावातलं पाच वर्षांचं पोरगंही देतं, नाहीतर पुस्तकातला शब्द आहे, जो शिक्षकही मोठ्यानं वाचत नाही. मधला, घरात वापरता येईल असा शब्द नाही. गायीच्या बाबतीत तो आहे: माज, सोट, पिशवी, वार. हे शब्द ना शिवी ना संस्कृत. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजनन संस्था आकृत्यांसह आहे. ते पान आलं की "हे घरी वाचून या" म्हणणारे गुरुजी मी पाहिले आहेत. घरी वाचून काय होणार, घरी तर त्याहून मोठी शांतता.

आणि शांतता रिकामी राहत नाही. पूर्वी तिथं भिंतीवरचे वैद्य होते, आता स्वस्त डेटा आहे. टॉवरखाली बसून पोट्टे जे पाहतात त्यात बाईचा होकार, निरोध, दुखणं, हसू, काहीच नसतं.

"आम्हाला कोणी शिकवलं होतं? झाले ना संसार!" हे माझ्या वयाच्या मंडळींचं आवडतं उत्तर. संसार झाले हे खरं, पण कसे झाले ते गडचिरोलीत तपासलं गेलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ते निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. या आजारांत वर्षानुवर्षं भाकरी थापत, निंदण करत त्यांनी संसार केले. डॉ. राणी बंग पुढे पोरापोरींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं घेत आल्या, ती याच अनुभवातून. विदर्भाच्या मातीला हा विषय परका आहे असं म्हणणाऱ्यानं आधी गडचिरोलीला जाऊन यावं.

सेवाग्रामलाही जावं. पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणजे बायको 'आधीची' आहे, हा संशय घेऊन आलेले नवरे मी पाहिले, त्यातल्या एकाचं लग्न मोडलंही. योनिपटल म्हणजे दाराला लावलेला कागद नव्हे की फाटला म्हणजे कोणी आलं. ती कडेनं असलेली लवचीक त्वचा आहे, मध्ये वाट असतेच, नाहीतर पाळी येणार कुठून. कोणाची जाड, कोणाची नावापुरती, कोणाला रक्त येतं, पुष्कळजणींना येतच नाही. त्यावरून काहीही सांगता येत नाही. पण अडाणी नवऱ्याला काय म्हणावं, डॉक्टरीच्या पुस्तकांतच कौमार्याची लक्षणं शिकवली जात होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. बलात्कारपीडितेवरची दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या ऑक्टोबरात बजावलं. पुस्तक सुधारायला एवढी वर्षं, तर वाड्यावस्त्या सुधारायला किती?

"शिकवलं तर पोरं बिघडतील" हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो भीतीतून येतो आणि मुलीच्या बापाची भीती मला कळते. पण जगभरचे अभ्यास तपासून युनेस्कोनं २०१८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे की असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर संबंध सुरू करतात असं दिसत नाही. आणि न शिकवता काय होतं ते आपण पाहतोच. "लग्न झाल्यावर कळेल" म्हणावं, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्याच आकड्यांनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठरा पुरी व्हायच्या आत झालेली. सतराव्या वर्षी पळून गेलेल्या जोडप्यातल्या पोरावर पोक्सो लागतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की अठराच्या आतल्या मुलीचा होकार कायदा होकार मानत नाही. वर्गात एका तासात सांगता आलं असतं ते तो कोठडीत शिकतो.

सरकारनं हे शिकवायचं ठरवलं नव्हतं असं नाही. केंद्रानं आणलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली चित्रांवरून गदारोळ होऊन महाराष्ट्रानं थांबवला. हा तोच महाराष्ट्र, जिथं रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. गावोगाव बाबासाहेबांचे पुतळे आहेत; त्यांनी हाही खटला लढवला होता, हे जयंतीच्या भाषणात मी तरी ऐकलेलं नाही.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मैत्री क्लिनिक आहेत, म्हणजे वयात येणाऱ्या पोरापोरींसाठीच्या सल्ल्याच्या खोल्या. माझ्या बायकोच्या शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी त्या नावाची पाटी होती आणि खोलीत गोळ्यांची खोकी रचलेली होती. मला वेगळी खोलीच नको आहे. पाटीच्या खोलीत पोरगं शिरलं की गावाला कळतं. मला हवं ते असं की सातवीत, म्हणजे बहुतेक मुलींना पाळी यायच्या सुमारास, मुलामुलींना एकत्र बसवून दोन्ही शरीरं सांगावीत, नावानिशी, शिवी आणि संस्कृत दोन्ही टाळून. मुलग्यांना पाळी कळू दे आणि मुलींना स्वप्नदोष. 'दोष' हा शब्दही काढून टाकावा. नंतर चिठ्ठ्यांचा डबा ठेवावा आणि नाव न लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यावं, फालतू वाटणाऱ्या चिठ्ठीला आधी. आणि ज्यांना गाव असंही विचारतं त्यांना नीट शिकवावं: आशा, अंगणवाडी सेविका, न्हावी, आणि हो, ढोराचे डॉक्टर. मी एकतीस वर्षं जी उत्तरं दिली त्यातली सुरुवातीची पुष्कळ चुकीची होती. बायकोनं सुधारली. सगळ्यांच्या घरी नर्स नसते.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात एका म्हातारीच्या गोठ्यात गेलो होतो. गाय दोनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही फळली नव्हती. मुलगा हात धुवायला पाणी आणायला गेला तेवढ्यात तिनं विचारलं, "बाईची पिशवी आतून अशीच असते काय, भाऊ? माही काढली. कोनी दाखवली नाई." मी काडी घेतली आणि ओल्या मातीत आधी गायीची काढली, दोन लांब शिंगांची. बाजूला बाईची, उलट्या पेरूएवढी, दोन्ही अंगांना नळ्या, टोकाला बीजकोश. म्हातारी उकिडवी बसली. बोटानं नळीवरून फिरत गेली, बीजकोशापाशी थांबली. "हे बी काढलं काय त्यायनं?" मी म्हटलं, कागद असेल तर वाचून सांगतो. "कागद पोट्ट्यापाशी हाय," ती म्हणाली. दारात बादलीचा आवाज झाला. तिनं उठता उठता पायानं ते सगळं पुसलं आणि मुलावर ओरडली, "किती वेळ लावते रे, सायेब केव्हाचे उभे हायेत."